पोकळीतला पैसा: लेथवर लाकूड आतून कोरायची हत्यारं आणि त्यांचा हिशोब



या वेळच्या व्हिडिओत आपण लाकडी लेथवर कुंकवाचा करंडा तयार होताना बघितला. व्हिडिओत हात दिसतात, पण मापं आणि हिशोब डोक्यात राहत नाहीत. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. आपल्याकडं कुणी लाकडी लेथ घ्यायचं ठरवलं की सगळी चर्चा मशीनची होते. किती फुटी, मोटर किती एचपीची, हप्ता किती बसेल. हत्यारांचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं, "ती काय, मिळतील कुठं पण." धंदा अडतो तो नेमका इथं. लेथ फक्त लाकूड फिरवतो. कापतं हत्यार. आणि बाहेरून कापणं सोपं आहे, आतून कापणं अवघड आहे. अवघड आहे म्हणूनच त्याला दर मिळतो.

भरीव माल आणि पोकळ माल

लेथवरच्या मालाचे दोन भाग करा. पहिला भरीव माल. लाटणं, रवी, पलंगाचे खूर, जिन्याच्या कठड्याचे दांडे. हा माल दोन टोकांत पकडून फिरवायचा, बाहेरून आकार द्यायचा, झालं. महिनाभरात हात बसतो. पण महिनाभरात जे तुम्हाला जमतं ते शेजारच्यालाही जमतं, आणि मग भाव पाडापाडी सुरू होते. बाजारात यंत्रावर निघालेलं लाटणं आधीच येऊन पडलेलं असतं.

दुसरा पोकळ माल. करंडा, सुपारीची डबी, वाटी, पेन ठेवायचा उभा डबा, झाकणाची बरणी. यात आतला खड्डा महत्त्वाचा. भिंत सगळीकडं सारखी हवी, तळ सपाट हवा, झाकण ना ढिलं ना घट्ट बसायला हवं. गिऱ्हाईक दुकानात काय करतं बघा. डबी हातात घेतं, झाकण उघडतं, बोट आत फिरवतं. बाहेरचा रंग डोळ्यांनी बघतं, पण विकत घ्यायचं का ते त्या बोटावर ठरतं.

महाराष्ट्रात लाकडी वस्तूंचं गाव म्हटलं की सावंतवाडीचं नाव निघतं. तिथली चितारआळी लाकडी फळं, भाज्या आणि खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. राजवाड्यात गंजिफाचे पत्ते आणि लाखकाम जिवंत ठेवायचं काम शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी केलं. कर्नाटकात बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरचं चन्नपट्टण लाखेच्या रंगीत खेळण्यांसाठी ओळखलं जातं. तिथं वापरतात ते लाकूड म्हणजे आपला काळा कुडा. उत्तरेत वाराणसीची लाखेची लाकूडवस्तू आहे. या तिन्ही गावांकडं धंद्याच्या नजरेनं बघा. कारागिरांची वस्ती एका जागी, माल एका ओळखीचा, आणि गिऱ्हाईक त्या गावाचं नाव घेऊन माल मागतं.

"सर, पण आपल्या जालन्यात असलं काही नाही," असं तुम्ही म्हणाल. जालना म्हणजे बियाणं, सळई आणि मोसंबी, बरोबर आहे. पण भोकरदनला विसरू नका. इटलीत पॉम्पेई नावाचं शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या उत्खननात भारतीय बनावटीची एक हस्तिदंती पुतळी मिळाली. त्याच घडणीची पुतळी भोकरदनच्या उत्खननातही सापडली, म्हणून काही अभ्यासक पॉम्पेईच्या पुतळीचं नातं भोकरदनशी जोडतात. त्या पुतळीच्या डोक्यातून खाली एक सरळ भोक कोरलेलं आहे, म्हणजे ती कुठल्या तरी वस्तूचा पाय किंवा मूठ असावी. आपल्या भागाचं नाव कारागिरीत इतक्या लांब घेतलं जातं, एवढंच मला सांगायचंय. आता हत्याराकडं येऊ.

आतून कोरताना नेमकं काय बदलतं?

तीन गोष्टी बदलतात. या तीन समजल्या की हत्यार कुठलं घ्यायचं ते दुकानदाराला विचारायची गरज उरत नाही.

एक, दुसऱ्या टोकाचा आधार जातो. लाटणं दोन्ही टोकांत पकडलेलं असतं. डबी आतून कोरायची तर उजवीकडचं टोक मोकळं ठेवावंच लागतं. म्हणजे लाकूड एकाच बाजूनं धरलेलं असतं. त्यासाठी चार जबड्यांचा चक लागतो, नाहीतर फेसप्लेट. जुने कातारी एका लाकडात खोबण करून त्यातच दुसरा ठोकळा गच्च ठोकून बसवतात. स्वस्त आहे, पण त्याला सराव पाहिजे.

दोन, हत्यार अधांतरी जातं. बाहेरून कापताना हत्याराचं टोक टूल रेस्टच्या, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीच्या अगदी जवळ असतं. खड्ड्यात शिरलं की टोक त्या पट्टीपासून लांब जातं. हे अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच दाबाला हत्यार आठपट वाकतं. दुप्पट नाही, आठपट! ५ सेंटिमीटर आत असताना लोण्यासारखं कापणारं हत्यार १० सेंटिमीटरला थरथरतं, याचं कारण हे आहे. उलट, गोल दांड्याची जाडी १२ मिलिमीटरवरून १६ वर नेली तर दांडा तिपटीहून जास्त ताठ होतो. चार मिलिमीटरनी एवढा फरक पडतो. म्हणून आत कोरायच्या हत्याराला दांडा जाड आणि मूठ लांब पाहिजे.

मुठीचा हिशोब तरफेचा. टोक टूल रेस्टपासून १० सेंटिमीटर पुढं आणि तुमचा हात ४० सेंटिमीटर मागं असेल, तर टोकावरच्या जोराचा चौथा हिस्साच हाताला सोसावा लागतो. मूठ आखूड ठेवली की तोच जोर मनगटावर येतो. दिवसभर काम करून मनगट सुजलं तर मशीनला दोष देऊ नका, आधी मूठ मोजा.

तीन, आत दिसत नाही. भुसा खड्ड्यात साठतो, तो धार आणि लाकूड यांच्यामध्ये येतो, आणि हाताला वाटतं आपण कापतोय. म्हणून थोडं कापायचं, मशीन थांबवायचं, भुसा काढायचा, मोजायचं. आळस केला की तळाला आरपार भोक.

लाकडाची रेषा बघा

हत्यार निवडायच्या आधी ठोकळा कसा पकडलाय ते बघा. डबी आणि करंडा करताना लाकडाची रेषा लेथच्या लांबीतच असते, फांदी आडवी धरल्यासारखी. इथं खड्डा कोरताना मधून सुरुवात करून कडेकडं कापत यायचं. असं केलं की प्रत्येक तंतूला मागं दुसऱ्या तंतूचा आधार मिळतो आणि काप गुळगुळीत येतो.

पसरट वाटी किंवा परात करताना रेषा आडवी असते, फळीचा गोल कापून लावल्यासारखी. इथं उलटं, कडेपासून मध्याकडं कापत जायचं. हा एक नियम पाळला तर पॉलिश पेपरचं काम निम्म्यावर येतं. नियम मोडला की तंतू उपटले जातात आणि आतला भाग कुत्र्यानं कुरतडल्यासारखा दिसतो.

पाच हत्यारं, आधी कुठलं?

गाऊज, म्हणजे पन्हळीसारखी खोलगट पटाशी. लहान डबीचा खड्डा मधून कडेकडं उघडायला आणि वाटी कोरायला ही चालते. वाटीसाठी जाड दांड्याची, खोल पन्हळीची घ्यायची. काप स्वच्छ येतो, पण शिकायला वेळ लागतो. धारेमागचा उतार लाकडावर आधी टेकवायचा, मग मूठ हळूच उचलून धार लागू द्यायची. धार आधी टेकवली की हत्यार लाकडात रुततं आणि झटका बसतो.

स्क्रेपर, म्हणजे सपाट खरवडणारं हत्यार. डबीच्या सरळ भिंतीला आणि सपाट तळाला चौकोनी टोकाचा, वाटीला गोल टोकाचा. मूठ किंचित वर, टोक किंचित खाली, आणि खड्ड्याच्या आत टोक मध्यरेषेच्या जरासं वर ठेवायचं. का? हत्यार दबलं तर टोक लाकडात न घुसता मोकळ्या जागेत यावं म्हणून. नवशिक्यानं सुरुवात यानंच करावी.

हुक, म्हणजे टोकाला वळवलेलं आकडीसारखं हत्यार. उभ्या रेषेच्या लाकडात खोल कोरायला उत्तम, लांब ढलप्या निघतात. पण धार लावणं किचकट. दुसऱ्या वर्षी विचार करा.

वाकडा दांडा. लोट्यासारखं अरुंद तोंड आणि आत रुंद पोट असेल तेव्हा लागतो. याचा एकच नियम, दांड्याचा सरळ भागच टूल रेस्टवर टेकवायचा. वाकलेला भाग टेकवला की हत्यार हातात गर्रकन फिरतं आणि बोटं सापडतात.

कार्बाइडची टिकली लावलेलं हत्यार. टोकाला छोटी गोल किंवा चौकोनी टिकली स्क्रूनं बसवलेली असते. धार गेली की टिकली थोडी फिरवायची, नवी कड पुढं. धार लावायची कटकट नाही. ज्याच्याकडं ग्राइंडर नाही त्याला सोयीचं. पण टिकली संपली की विकतच आणावी लागते, हा कायमचा खर्च हिशोबात धरा.

सुरुवातीला तीनच घ्या: एक गाऊज, एक चौकोनी स्क्रेपर, एक गोल स्क्रेपर. पाच-सात हत्यारांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा तीन चांगली बरी.

कानशीची पटाशी आत घालू नका

हा परिच्छेद मुद्दाम वेगळा लिहितोय. जुन्या कानशीला घासून पटाशी करायची पद्धत आपल्याकडं सर्रास आहे. कानशीचं पोलाद कडक असतं, धार छान येते, हे खरं. पण जे कडक असतं ते ठिसूळही असतं. कानस खाली टाकली तर तुकडे होतात, हे तुम्ही बघितलंय. तीच कानस टूल रेस्टपासून १० सेंटिमीटर पुढं, मिनिटाला हजारभर फेरे घेणाऱ्या लाकडात घातली आणि रुतली, तर ती वाकणार नाही, तुटणार. तुटलेला तुकडा कुठं उडेल ते कुणी सांगावं?

मग ट्रकच्या कमानीचा पाटा? तो कानशीपेक्षा चिवट असतो. चांगला लोहार भट्टीत पाणी देऊन हत्यार करू शकतो. चालतं, पण धार लवकर बसते. ग्राइंडरवर निळा पडला तर पाणी उतरलं, कड मऊ झाली असं समजा.

आणि जालन्याची सळई? सळईच्या गावात हा प्रश्न येणारच. बांधकामाच्या सळईत कार्बन फारच कमी असतो, साधारण पाव टक्का. इमारतीला ती वाकायला पाहिजे, तुटायला नको, म्हणून ती तशीच बनवतात. कार्बन कमी म्हणजे तापवून पाण्यात बुडवली तरी पटाशीसारखी टिकाऊ धार येत नाही. सळई घासून पटाशी करायचा नाद सोडा. पण साधं लोखंड अगदीच बिनकामाचं नाही, ते दांड्याला चालतं.

दांडा गावात बनवा, धार विकत घ्या

हत्यारात महाग पोलाद फक्त टोकाला लागतं, बोटाच्या पेराएवढं. बाकीचा दांडा साध्या लोखंडाचा चालतो. लोखंडी लेथवर टर्नर लोक एचएसएसचे, म्हणजे हायस्पीड स्टीलचे बिट वापरतात. एमआयडीसी असलेल्या कुठल्याही गावात हार्डवेअरच्या दुकानात ते मिळतात. या पोलादात टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम असतं. ग्राइंडरवर निळं पडलं तरी त्याची कठीणता जात नाही, हा त्याचा मोठा गुण.

कृती अशी. १६ मिलिमीटरचा गुळगुळीत गोल बार घ्या, लांबी ४० सेंटिमीटर. सळई नको, तिच्या अंगावरच्या रेघा टूल रेस्टवर अडकतात. बारच्या एका तोंडात ६ मिलिमीटरचं भोक सरळ आत पाडा. त्यात ६ मिलिमीटरचा गोल एचएसएस बिट बसवा, आणि बाजूनं आटे पाडून एक बिनडोक्याचा स्क्रू आवळा. स्क्रू जिथं टेकतो तिथं बिट थोडा सपाट घासा, म्हणजे तो फिरणार नाही. बिट तोंडाबाहेर कमीत कमी ठेवा, एक-दीड सेंटिमीटर पुरे. बिटाचा बाहेर आलेला भाग वरून निम्म्यापर्यंत घासून सपाट करा, झाला स्क्रेपर. दुसऱ्या बारला हेच भोक तिरपं पाडलं की खड्ड्याची आतली कोपर कोरायचं हत्यार तयार.

बारचा मागचा ८-१० सेंटिमीटर भाग मुठीत घट्ट बसवा. मूठ बाभळीची किंवा शिसवाची, ४०-४५ सेंटिमीटर लांब, तोंडाला पितळी किंवा लोखंडी कडं ठोकलेलं. मूठ तुमच्याच लेथवर फिरवा. पहिला माल स्वतःसाठी!

धारेबद्दल दोनच आकडे पाठ करा. स्क्रेपरचा कोन साधारण ७० ते ८० अंश, वाटीच्या गाऊजचा ४० ते ६० अंश. ग्राइंडरला पांढरं चाक लावा, ते एचएसएसला चांगलं. हात सवयीनं तोच कोन धरेल असं समजू नका. लाकडाचा एक तुकडा कोनात कापून मापासाठी जवळ ठेवा. स्क्रेपर दर दोन-तीन डब्यांना पाजवावा लागतो. निघणारा भुसा कुरळा असेल तर धार आहे. पिठासारखी पूड पडायला लागली की धार गेली.

करंडा करायचा क्रम

ठोकळा आधी दोन टोकांत पकडून गोल करा. दोन्ही टोकांना चकात धरण्यापुरती गोल खुंटी ठेवा. मग झाकण आणि डबा वेगळे करा. दोन्ही एकाच ठोकळ्यातले असले की लाकडाची नक्षी जुळते.

झाकण आधी कोरा. झाकणाच्या आतली भिंत एकदम सरळ पाहिजे, तोंडाशी आणि आत सारख्याच मापाची. कॅलिपरनं दोन्हीकडं मोजा. त्यानंतर डबा चकात धरा आणि त्याची बाहेरची कड झाकणात बसेल अशी घासत आणा. बाहेरून घासून माप जुळवणं सोपं, आतून अवघड, म्हणून क्रम असा.

डबा कोरताना मधोमध ड्रिलनं भोक पाडा. ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा, तळाला ५-६ मिलिमीटर लाकूड राहू द्या. हे भोक म्हणजे तुमची खोलीची पट्टी. मग मधून कडेकडं थोडं थोडं उघडत जा. शेवटचे दोन-तीन हलके हात चौकोनी स्क्रेपरचे.

फेरे किती? कारागिरांचा एक चालता नियम आहे. व्यास इंचात, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं, उत्तर ६००० ते ९००० च्या आत ठेवायचं. ३ इंची करंड्याला २००० ते ३००० येतात. ठोकळा ओबडधोबड असताना आणि आत कोरताना त्याच्याही खाली राहा.

बाहेरून लाख लावायची तर लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून पसरते. नंतर केवड्यासारखं पान दाबून चकाकी आणतात.

आता जिवाचं. तोंडावर पूर्ण झाकणारी काच, नाकाला मास्क. हातमोजे नकोत, लेथ त्यांना ओढून घेतो. गमछा, ओढणी, पदर, सैल बाही, बांगड्या लेथसमोर नकोत. बचत गटातल्या ताईंनी पदर खोचून वर ॲप्रन घालावा, केस बांधावेत. फिरत्या खड्ड्यात बोट कधीच घालू नका. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळू नका, छोटी पट्टी दोन बोटांत हलकी धरा.

लाकूड आपल्या शिवारातलं

जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी २०१२-१३ च्या दुष्काळात कितीतरी शेतकऱ्यांना उभ्या बागा तोडाव्या लागल्या होत्या, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हातारी झालेली, वाळलेली झाडं आजही निघतात आणि चुलीत जातात. मोसंबीचं लाकूड पिवळसर, घट्ट आणि बारीक पोताचं असतं. फांद्या मोठ्या नसतात, पण दोन-तीन इंची करंड्याला मोठी फांदी लागतेय कशाला? शिवाय "जालन्याच्या मोसंबीच्या लाकडाचा करंडा" ही ओळख दुसऱ्या गावाला सांगता येणार नाही. बाभूळ कडक आहे, धार लवकर खाते, पण मुठीला आणि जाड वाटीला मजबूत. कुठलंही झाड तोडण्याआधी परवानगी लागते का, ते वन विभागात विचारून घ्या.

पण एक धोका. मोसंबीचं ओलं लाकूड आपल्या उन्हाळ्यात टाकलं की चिरतं. फांदी कापल्याच्या दिवशीच दोन्ही तोंडांना मेण फासा. ओलं असतानाच जाडजूड कच्चा आकार काढा, भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी ठेवा. कच्चे डबे त्यांच्याच भुशात, कागदी पिशवीत, सावलीत ठेवा. दर आठवड्याला काट्यावर वजन करून पिशवीवर लिहा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं समजा, मग शेवटचा हात. वाळताना गोल डबी थोडी लंबगोल होते, कारण लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. म्हणून ओल्या लाकडात झाकण जुळवायचंच नाही.

आणि हे धंद्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं. मे महिन्यात जालन्याच्या कोरड्या हवेत गच्च बसणारं झाकण जुलैत मुंबईला गेलं की फुगून अडकतं. बाहेर पाठवायच्या मालाचं झाकण केसभर सैल ठेवा. नाहीतर माल परत येतो, आणि येण्या-जाण्याचं भाडं तुमच्या खिशातून जातं.

आता कागदावर

आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पद्धत तीच राहील.

समजा महिन्याला तुमची मजुरी १८,००० रुपये. जागा आणि वीज ४,०००. एक लाखाचं कर्ज ५ टक्के व्याजानं १८ महिन्यांत फेडायचं तर हप्ता साधारण ५,७८०. हत्यारं आणि दुरुस्तीला १,२२० धरा. एकूण २९,०००. महिन्याचे २५ दिवस, रोज प्रत्यक्ष लेथवर ५ तास, म्हणजे १२५ तास. धार लावणं, लाकूड आणणं, पॅकिंग यात बाकीचा दिवस जातो. २९,००० भागिले १२५, म्हणजे तासाला २३२ रुपये. हा तुमच्या लेथचा दर.

पहिला कारागीर, बोथट आणि आखूड हत्यार. करंड्याला ४० मिनिटं, म्हणजे १५५ रुपये. लाकूड ४०. पाचातला एक नग फुटतो किंवा तळाला भोक पडतं. म्हणजे पाच नगांचे ९७५ रुपये चार नगांवर बसले, एकाला २४४. लाख आणि पॅकिंग २५. खर्च २६९ रुपये.

दुसरा कारागीर, जाड दांडा, लांब मूठ, ताजी धार. २५ मिनिटं, ९७ रुपये. लाकूड ४०. विसातला एक वाया. वीस नगांचे २,७४० एकोणीस नगांवर, एकाला १४४. वर २५. खर्च १६९ रुपये.

मशीन तेच, हप्ता तोच, लाकूड तेच. नगामागं फरक १०० रुपयांचा. बाजारात करंडा २५० ला जात असेल तर पहिला कारागीर प्रत्येक नगामागं १९ रुपये घालवतो, आणि महिन्याला १५० नगांवर त्याचा हात थांबतो. दुसरा नगामागं ८१ रुपये कमावतो आणि २८५ नग काढतो. पहिल्याला वाटतं धंद्यात राम नाही. राम आहे हो, धार नाही!

पैसे कुठून?

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात सुतार आहेत, बाहुल्या आणि खेळणी बनवणारेही आहेत. यात पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि तारणाशिवाय कर्ज मिळतं. कर्जाचा पहिला टप्पा एक लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचा. दुसरा दोन लाखांपर्यंत, ३० महिन्यांत. कारागिराला व्याज ५ टक्के. वय १८ पूर्ण हवं, कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि नोंदणी सीएससी केंद्रावर आधारच्या पडताळणीनं होते. अर्ज करण्याआधी चालू अटी केंद्रावर विचारून घ्या.

माझा सल्ला एवढाच. हत्यारांसाठी मिळणारी मदत ही हत्यारांसाठीच आहे. घरात करवत, रंधा आधीच असतील तर यादी बघताना काय नाही ते बघा. आणि एक लाखाचं कर्ज घेतलं तर सगळं मशीनमध्ये ओतू नका. चक, ग्राइंडर, पांढरं चाक, तीन हत्यारं आणि तोंडावरची काच यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात मशीन बघा. मशीन थोडं लहान आलं तरी चालेल. करंडा काय सहा फुटी लेथवरच होतो असं नाही.

गृहपाठ

एक, तुमच्या लेथचा तासाचा दर काढा, वर दाखवला तसा, तुमच्या आकड्यांनी.

दोन, आठ दिवस वहीत लिहा: किती नग चढवले, किती चांगले उतरले, किती वाया गेले आणि कशामुळं. "तळ फुटला", "झाकण ढिलं", "तंतू उपटले" असं एका शब्दात लिहिलं तरी पुरे.

तीन, एक हत्यार घ्या, टूल रेस्टपासून टोकापर्यंतचं आणि टूल रेस्टपासून हातापर्यंतचं अंतर मोजा. मागचं अंतर पुढच्याच्या चौपट नसेल तर मूठ बदला. मूठ करायला लागतं काय, एक बाभळीचा तुकडा आणि अर्धा तास.

पुढच्या व्हिडिओत याच करंड्याची किंमत ठरवणं, घाऊक आणि किरकोळ भाव वेगळे कसे ठेवायचे, ते घेऊ. तोपर्यंत वही भरून ठेवा. हिशोब जवळ असला की पुढचं सगळं सोपं जातं.

जय महाराष्ट्र!